काळ्या जमिनीत संडासाचं पाणी मुरवायचं कसं?



शेतीच्या कार्यक्रमात आज संडासाचा विषय कसा, असं तुम्हाला वाटेल. पण घरामागचा खड्डा चालणार की तुंबणार, हे गवंड्यापेक्षा माती ठरवते. आणि माती तर तुमच्या-आमच्या रोजच्या ओळखीची.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या भारी काळ्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार असते. उन्हाळ्यात संडास बांधला, दोन-तीन महिने झकास चालला. श्रावण लागला आणि भांड्यातून पाणी उतरेना. मग कुणी सेप्टिक टँकचं पाणी गटारात सोडतो, कुणी संडासाला कुलूप लावतो. खर्च वाया जातो, गटारावर डास होतात आणि घाण पाणी हातपंपापर्यंत पोचतं.

जमिनीची दोन रूपं

काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात हातभर खोल भेगा पडतात. त्या वेळी कितीही पाणी ओता, भेगेतून निघून जातं. गवंडी म्हणतो, ‘जमीन पाणी छान पिते.’ हाच खरा चकवा. पाऊस पडला की भेगा मिटतात आणि तीच जमीन चिबड होते. म्हणून आजची मुख्य गोष्ट ही, की संडासाचा खड्डा पावसाळ्यातली जमीन धरून आखावा, उन्हाळ्यातली नव्हे.

आधी जमिनीची परीक्षा

जागा ठरली की तिथं वीतभर रुंद आणि दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या. पहारीनं गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा. तळाला दोन इंच खडी टाका. वर फूटभर पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. जमीन भेगाळलेली असेल तर दोन-तीन दिवस पाणी घालत राहा, म्हणजे भेगा मिटतील. मग खडीवर सहा इंच पाणी ठेवा आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा.

- तीस मिनिटांच्या आत उतरली, तर साधा शोषखड्डा चालेल.
- तीस ते साठ मिनिटं लागली, तर खोल शोषखड्डा नको. उथळ, लांब चर घ्यावेत.
- साठ मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर त्या मातीत सेप्टिक टँकचं पाणी मुरवण्याच्या भरीला पडू नका.

ही परीक्षा भाद्रपदात, ओल्या जमिनीत केली तर सर्वांत खरी. त्याच वेळी खड्ड्यात पाझराचं पाणी किती वर येतं, त्याचीही खूण करून ठेवा.

हिशेब सोपा आहे

घरात पाच माणसं आहेत आणि टमरेलानं पाणी टाकतात. दर माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर पन्नास लिटर झाले. वाळूच्या जमिनीत खड्ड्याची एक चौरस मीटर भिंत दिवसाला सुमारे 50 लिटर पाणी मुरवते. चिकण जमिनीत तेवढीच भिंत फक्त 10 लिटर मुरवते. म्हणजे वाळूत जिथं एक चौरस मीटर भिंत पुरते, तिथं आपल्याला पाच लागते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी संडासाच्या खड्ड्यात कधीही सोडू नका. ते परसातल्या केळीला, अळूला द्या. दुसरी, तीव्र उताराचं ग्रामीण भांडं बसवा. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं.

दोन खड्ड्यांचा संडास

लहान कुटुंबाला हाच बरा. आतून एक मीटर व्यासाचे दोन खड्डे, मध्ये किमान साडेतीन फूट अंतर. बांधकाम विटांचं, मध्ये भोकं ठेवून जाळीदार. काळ्या जमिनीत मात्र खोदाई सहा फूट व्यासाची करा आणि बांधकामाभोवती फूटभर जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर भरा. या थरानं दोन कामं होतात. फुगलेल्या मातीचा रेटा विटांवर येत नाही, आणि पाणी मुरायला जागा वाढते. नळीच्या खाली एक मीटर खोली मिळाली तरी पाच चौरस मीटरहून थोडी जास्त भिंत मिळते, म्हणजे आपला हिशेब जमला.

पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येत असेल तर खड्डे खोल नेऊ नका, वर उचला. भोवती पाच फूट रुंद मुरमाचा भराव करून चोपा. संडासाचा ओटाही त्या मानानं उंच घ्या, कारण नळीला पंधरा फुटांत एक फूट उतार हवा.

एका वेळी एकच खड्डा वापरा. तो भरला की दुसरा चालू करा आणि पहिला दोन वर्षं झाकून ठेवा. मग त्यातून निघतं ते वास नसलेलं खत. शेतात खुशाल टाका.

सेप्टिक टँक असेल तर

पाच माणसांना टँक आतून सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर असावी. तळ पक्का हवा. खाली आणि बाजूंना काळी माती न भरता मुरूम भरा, नाहीतर भिंती तडकतात. टँकमधून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. ते दोन-तीन फूट खोल चरात, धुतलेल्या खडीवर टाकलेल्या भोकांच्या नळीतून पसरवा. जमीन साठ मिनिटांत नापास झाली असेल तर तळ बंद केलेला खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावतात. त्याचा आराखडा मात्र पंचायत समितीच्या अभियंत्याकडून करून घ्या.

मुरमाचा मोह टाळा

पुष्कळ जण म्हणतात, ‘काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जाऊ, पाणी सरळ खाली जाईल.’ जाईल खरं, पण कुठं? तुमच्या विहिरीचे झरेसुद्धा त्याच मुरमातून आणि फुटीच्या खडकातून येतात. मातीतून सावकाश पाझरताना पाणी गाळलं जातं, खडकाच्या फटीतून जाताना नाही. तुमचा खड्डा तुंबणार नाही, पण शेजाऱ्याच्या लेकराला हगवण लागेल. म्हणून खड्डा मुरमाच्या वरच थांबवा. विहीर आणि हातपंपापासून दोन खड्ड्यांचा संडास निदान 35 फूट आणि सेप्टिक टँकचे चर 60 फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. खाली फुटीचा खडक असेल तर जितकं लांब नेता येईल तितकं बरं.

जिवाशी खेळ नको

सेप्टिक टँकचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. टँकमध्ये विषारी वायू असतो, आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही वर येत नाही. माणूस उतरवून टँक साफ करून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. उपसणारा टँकर बोलवा. हा ताजा गाळ भाजीच्या वाफ्यात टाकू नका.

तेव्हा मंडळी, विटा आणण्याआधी टिकाव उचला आणि एक वीतभर खड्डा घेऊन जमिनीला विचारा. पेरणीआधी वाफसा बघता ना, तसंच हे. नमस्कार.