संस्थापकाचा अंत आणि धर्माचा आरंभ



ख्रिस्ती धर्माची इतर धर्मांशी तुलना करावयाची म्हटली म्हणजे उपदेशाशेजारी उपदेश मांडण्याचा परिपाठ आपल्याकडे आहे. शेजाऱ्यावर प्रेम करावे, वैराने वैर शमत नाही, दीनांस दान द्यावे, अशी वचने गिरिप्रवचनातून, धम्मपदातून, कुराणातून आणि आपल्या संतांच्या अभंगांतून वेचावयाची आणि अखेरीस सर्व धर्म एकच सांगतात असा निर्वाळा द्यावयाचा. या निर्वाळ्यामागील सद्भावाविषयी मला आदर आहे; परंतु प्रत्येक धर्माचे जे स्वत्व, तेच अशा तुलनेत हातून निसटते. म्हणून आज मी निराळी कसोटी लावणार आहे. ज्या पुरुषापासून धर्म सुरू झाला, त्याच्या मृत्यूला त्या धर्माने कोणता अर्थ दिला, हा माझा प्रश्न आहे.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डावीकडच्या भिंतीवर उजव्या कुशीवर पहुडलेली, २० फुटांहून अधिक लांबीची बुद्धमूर्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. खाली शोकाकुल शिष्यगण, वर आकाशात देवगण, आणि मध्ये महापरिनिर्वाणाची ती संपूर्ण निश्चल मुद्रा. पाली ग्रंथांनी जो वृत्तांत दिला आहे त्यात ऐंशी वर्षांचे वृद्ध तथागत कुशिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये देह ठेवतात. ज्या चुंद लोहाराच्या घरच्या अन्नानंतर व्याधी बळावली, त्याला कोणी दोष देऊ नये म्हणून शिष्य आनंदाला आवर्जून सांगून ठेवतात. आणि आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असा निरोप देतात. पुढे अस्थींचे आठ वाटे झाले, त्यांवर स्तूप उभे राहिले आणि लोकांनी त्यांची भक्तिभावाने पूजा केली, हे खरे. तथापि बुद्धाच्या मृत्यूने कोणाचे दुःख हरण केले असे तो धर्म म्हणत नाही. मार्ग दाखविला गेला होता आणि चालावयाचे ज्याचे त्याने होते.

इस्लामची वृत्ती या एका बाबतीत बौद्ध धर्माच्या जवळ येते. इ. स. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबरांचे देहावसान झाले, तेव्हा ती वार्ता मानावयास तयार नसलेल्या अनुयायांसमोर अबू बक्र यांनी जे निवेदन केले त्याचा आशय असा, की महंमद मर्त्य होते आणि परमेश्वर अमर आहे. प्रेषित गेला, संदेश राहिला. मोशेविषयी तर यहुद्यांचे शास्त्र सांगते, की नबो पर्वतावरून वचनदत्त भूमी दुरून पाहून तो मृत्यू पावला आणि त्याची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. नियमशास्त्र मात्र इस्राएलाच्या हाती राहिले.

आता यरुशलेमकडे वळू. तिबेरियस कैसराच्या अमलात, यहूदीया प्रांताचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकुमाने, इ. स. ३० च्या सुमारास नासरेथच्या येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले. ही शिक्षा रोमन लोक मुख्यत्वे गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवीत. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ. स. पूर्व ७१ मध्ये आप्पियन मार्गाच्या दुतर्फा सहा हजार बंदिवानांना अशाच रीतीने टांगले होते. यहूदी दृष्टीने अप्रतिष्ठा आणखीच खोल होती, कारण टांगला गेलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो असे अनुवादाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. ज्याने शत्रूचे राज्य मोडावे त्या मशीहानेच शत्रूच्या हातून असे मरावे, ही गोष्ट त्या काळच्या यहूदी अपेक्षेत बसण्यासारखी नव्हती. शिष्य पांगले, त्यांच्या अग्रणीने तर आपण त्याला ओळखतही नाही असे सांगितले. आणि हे आपल्याच अग्रणीचे वैगुण्य चारही शुभवर्तमानांनी लपविलेले नाही.

येथे कोणताही शहाणा अनुयायी गुरूच्या मृत्यूवरून दृष्टी काढून त्याच्या वचनांकडे वळविता. ख्रिस्ती मंडळीने नेमके उलट केले. सुमारे इ. स. ५४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पुरते पाव शतक लोटण्याच्या आतबाहेर, प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो, की आपण केवळ वधस्तंभी दिलेल्या ख्रिस्ताची घोषणा करतो, यहुद्यांना ती अडखळण लागते आणि ग्रीकांना मूर्खपणा. आणि ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, ही शिकवण आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली आहे. मार्काचे शुभवर्तमान उघडून पाहावे: सोळा अध्यायांपैकी शेवटचे सहा अध्याय एका आठवड्याच्या वर्णनाला वाहिलेले आहेत. चरित्रग्रंथाचे हे प्रमाण नव्हे. वल्हांडणाचे कोकरू, यशयाच्या ग्रंथातील लोकांचे अपराध वाहणारा दुःखी सेवक, मंदिरातील यज्ञबली, ही सारी यहूदी सामग्री घेऊन त्या अपमानास्पद मृत्यूचा अर्थ लावण्यात आला, आणि तो अर्थ हाच धर्म झाला. बुद्धाचे मरण बुद्धाच्या उपदेशाचा दाखला आहे. येशूचे मरण हाच ख्रिस्ती उपदेश आहे.

हा मृत्यू ओसिरिस, अदोनिस इत्यादी मरणाऱ्या आणि पुन्हा उठणाऱ्या देवतांच्या कथांवरून रचला गेला, असे एक मत गेल्या शतकापासून मोठ्या आग्रहाने मांडले जाते. मला ते पटत नाही. ओसिरिस कोणत्या फारोच्या कारकिर्दीत मेला हे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याची गरजही नाही, कारण तो नाईल नदीच्या पुराबरोबर आणि पिकाबरोबर दरसाल मरतो आणि उठतो. मित्र या देवतेचे नाव तर या वादात विनाकारण येते. त्याच्या रोमन उपासनेत तो बैल मारतो, स्वतः मरत नाही. आपल्याकडे प्रभासक्षेत्री जरा व्याधाच्या बाणाने श्रीकृष्णाचा अवतार समाप्त झाला, परंतु कोणा वैष्णवाचा मोक्ष त्या बाणावर अवलंबून नाही. याउलट इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेशी निगडित श्रद्धासूत्रात एका मूर्तिपूजक सुभेदाराचे नाव कायमचे कोरले गेले. दफ्तरात शोधता येईल असा काळ आणि अंमल श्रद्धेच्या वाक्यात घालणे, हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ख्रिस्ती लोकांविषयी तुच्छतेने लिहितानाही तिबेरियस आणि पिलात ही दोन नावे दिली आहेत, आणि १९६१ मध्ये कैसरिया येथे पिलाताच्या नावाचा शिलालेखही मिळाला. मृत्यूपर्यंत इतिहास बरोबर येतो. पुनरुत्थानाची साक्ष तो देऊ शकत नाही, तेथे श्रद्धेचा मुलूख सुरू होतो.

म्हणूनच कुराणाने येशूला मानाचे स्थान देऊनही तो वधस्तंभावर मेला हे नाकारले, तेव्हा वाद एखाद्या तपशिलाचा राहिला नाही. ईश्वर आपल्या प्रेषिताला शत्रूच्या हाती असा अपमानित होऊ देणार नाही, या भावनेतही ईश्वराविषयी मोठा आदर आहे. ख्रिस्ती मनुष्य मात्र म्हणतो, की ईश्वराची ओळख त्या अपमानातच पटते. तथापि धर्मांचा इतिहास आपल्या चौकटी मुकाट्याने मानीत नाही. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसैन मारले गेले आणि शिया पंथात शोक, साक्ष आणि बलिदान यांना ते स्थान मिळाले की ज्याची सय गुड फ्रायडेच्या उपासनेत येते. आपल्या गावोगावच्या ताबुतांमागे तीच स्मृती आहे.

डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धाने आपल्या धर्मात स्वतःसाठी कोणतेही स्थान मागितले नाही हे ठासून सांगितले आहे, आणि येशूने व महंमदांनी मागितलेल्या स्थानाशी त्याची तुलना केली आहे. या तुलनेतला भेद यथार्थ आहे. ज्याला स्वतःच्या प्रज्ञेने आणि शीलाने उभे राहावयाचे आहे, त्याला बुद्धाचा तो स्वतःला बाजूला ठेवणारा निरोप मुक्तीचा वाटेल. आणि आपल्या बळावर उभे राहता येत नाही असा ज्याचा अनुभव आहे, त्याला दुसऱ्या कोणी आपल्यासाठी मरण पत्करले या वार्तेचा आधार वाटेल. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी ही वार्ता गोव्यातील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी मराठी ओवीत सांगितली, तेव्हा त्यांनी येशूचा उपदेश तेवढा वेगळा काढून दिला नाही; जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून ती कथा त्यांनी वधस्तंभापर्यंत आणि त्यापुढे पुनरुत्थानापर्यंत नेली.