मंदतेज धूमकेतूंचे वेध



धूमकेतू म्हटला की अर्धे आकाश व्यापणारी शेपटी सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. १९१० सालचा हॅलेचा धूमकेतू, १९६५ सालचा इकेया-सेकी, १९९७ सालचा हेल-बॉप, हे त्या थाटाचे पाहुणे होत. असे पाहुणे एका पिढीच्या वाट्यास दोन-चारच यावयाचे. परंतु वर्षातील बहुतेक प्रत्येक महिन्यात एखाद-दुसरा लहान, अंधुक, शेपटीचा डौल नसलेला धूमकेतू सूर्याकडे येत असतो अथवा सूर्यापासून परत फिरत असतो. त्याची वार्ता वृत्तपत्रांत येत नाही. घरच्या गच्चीवरील सहा-आठ इंची दुर्बिणीतून तो जेमतेम दिसतो, आणि पुष्कळदा दिसला की नाही याचाच संशय राहतो. आजचे विवेचन या उपेक्षित धूमकेतूंविषयी आणि ते पाहणाऱ्या हौशी निरीक्षकांविषयी आहे. हैदराबाद नगरीशी या विषयाचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

आपल्याकडे शेंडेनक्षत्र उगवले की अरिष्ट ओढवते, अशी समजूत पूर्वापार होती. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केतुचाराचा स्वतंत्र अध्याय लिहिला, त्यात केतूंच्या आकारांची, वर्णांची आणि फलांची मोठी वर्गवारी आहे. त्याच ठिकाणी त्याने हेही प्रांजळपणे सांगितले आहे की, केतूचा उदय आणि अस्त गणिताने जाणता येत नाही. त्या काळी हे अक्षरशः खरे होते. ज्याचे गणित नाही त्याचे भय वाटावे, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढे १७०५ साली एडमंड हॅलेने १५३१, १६०७ आणि १६८२ या सालांचे धूमकेतू हा एकच पाहुणा असल्याचे गणिताने दाखवून तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असे भाकीत केले.

ते भाकीत कोणी पडताळले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पॅरिसमध्ये शार्ल मेस्ये हा निष्णात निरीक्षक कित्येक महिने त्या धूमकेतूची वाट पाहत होता. पण त्याला दिलेला नकाशा चुकीचा होता आणि तो आकाशाचा भलताच भाग धुंडाळीत राहिला. १७५८ च्या नाताळच्या रात्री तो धूमकेतू प्रथम दिसला तो ड्रेस्डेनजवळच्या योहान पालित्श नावाच्या एका शेतकऱ्याला. पालित्श हा स्वयंशिक्षित हौशी ज्योतिषी होता. मेस्येला तो जानेवारी १७५९ मध्ये सापडला. त्याच मेस्येने, धूमकेतू समजून फसवणूक होऊ नये म्हणून, आकाशातील धुरकट दिसणाऱ्या स्थिर वस्तूंची यादी केली. आज ती यादी त्याच्या धूमकेतूंहून अधिक प्रसिद्ध आहे. मंद धूमकेतूच्या अभ्यासातील पहिली अडचण ही अशी आहे : जे धुरकट दिसते ते सर्वच धूमकेतू नव्हे.

आता हैदराबादकडे वळू. येथील निझामिया वेधशाळेचा जन्मच एका हौशी माणसाच्या ओढीतून झाला. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली ग्रब यांच्या कारखान्याची पंधरा इंची भिंगाची दुर्बीण आणविली आणि फिसल बंडा येथील आपल्या जागेत वेधशाळेचा पाया घातला. १९०७ साली त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी निझाम सरकारने ती वेधशाळा ताब्यात घेतली. कालांतराने ती बेगमपेठेत आली आणि १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. सर्व आकाशाचा छायाचित्रांद्वारे नकाशा तयार करण्याचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम चालू होता, त्यातील आकाशाचा एक पट्टा या वेधशाळेने उचलला. आठ इंची दुर्बिणीने काचांवर छायाचित्रे घ्यावयाची आणि प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजावयाचे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजणी झाली. त्यात चमत्कार काहीच नव्हता. नेम, सातत्य आणि बिनचूकपणा एवढेच त्याचे भांडवल होते. टी. पी. भास्करन यांच्या कारकीर्दीत, १९२२ साली, पंधरा इंची दुर्बीण कामास लागली आणि रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा ताऱ्यांचे, वेध सुरू झाले.

या वेधशाळेत बाप्पू आडनावाचे एक साहाय्यक होते. त्यांचा १९२७ साली जन्मलेला मुलगा वैणू हैदराबादेतच वाढला, निझाम कॉलेजात शिकला आणि विद्यार्थिदशेतच रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणांवर लेख लिहू लागला. रूपविकारी ताऱ्याचे तेज ठरविण्याची रीत साधी आहे. त्याच्या शेजारच्या, ज्यांचे तेज ठाऊक आहे अशा दोन ताऱ्यांशी त्याची तुलना करावयाची आणि तो एकापेक्षा किती मंद, दुसऱ्यापेक्षा किती तेजस्वी, याचा अंदाज प्रामाणिकपणे नोंदवावयाचा. डोळ्याला अशी शिस्त लागली की आकाशातील ओळखीच्या ठिकाणी काही वेगळे आहे हे लगेच जाणवते.

हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर वैणू बाप्पू हार्वर्डला गेले. तेथे जाऊन काही महिनेच झाले होते. २ जुलै १९४९ च्या रात्री नेहमीच्या कामाकरिता घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर त्यांना एक अनोळखी धूसर खूण आढळली. तो नवा धूमकेतू होता. त्यांचे प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्या साहाय्याने त्याची निश्चिती झाली आणि ‘बाप्पू-बोक-न्यूकर्क’ या नावाने तो नोंदला गेला. त्याच्या कक्षेचे गणित केल्यावर त्याला सूर्याभोवती एक फेरी घालावयास सुमारे साठ हजार वर्षे लागतात, असे निघाले. या शोधाबद्दल बाप्पूंना पॅसिफिकच्या खगोल संस्थेचे डोनोहो पदक मिळाले. पुढे भारतीय खगोलशास्त्राची उभारणी त्यांनी केली आणि १९७९ साली ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. त्या धूमकेतूचा शोध केवळ दैवयोगाने लागला, असे कोणी म्हणेल. काचेवर खूण उमटणे हा दैवयोग खरा. परंतु ती खूण म्हणजे डाग नव्हे आणि ओळखीचा तेजोमेघही नव्हे, हे कळण्यास हैदराबादेत वर्षानुवर्षे मुरलेली नजर लागली.

हे कौशल्य दुर्बिणीच्या आकारावर थोडेच अवलंबून असते. ताऱ्यांच्या तेजाची मोजणी ‘प्रत’ या मापाने करतात. नुसत्या डोळ्यांना निवळ अंधारात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. दहाव्या प्रतीचा तारा त्याहून सुमारे चाळीस पट मंद असतो. सहा इंची दुर्बीण डोळ्याच्या बाहुलीपेक्षा साडेचारशे पटींच्या आसपास प्रकाश गोळा करते, म्हणून तसा तारा तिच्यातून सहज दिसावा. मग दहाव्या प्रतीचा धूमकेतू का दिसू नये? कारण ताऱ्याचा सर्व प्रकाश एका बिंदूत असतो, तर धूमकेतूचा तेवढाच प्रकाश चंद्रबिंबाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या रुंदीवर पसरलेला असतो. मूठभर हळद पातेलीभर पाण्यात आणि विहिरीत टाकली असता जो फरक पडेल, तोच येथे पडतो. त्यातच पार्श्वभूमीचे आकाश शहरी दिव्यांनी उजळले असेल तर तो धुरकट ठिपका त्यात विरघळून जातो.

यावर निरीक्षकांनी काही उपाय अनुभवाने शोधले आहेत. पहिला उपाय थांबण्याचा. अंधारात गेल्यावर डोळ्याची पूर्ण तयारी होण्यास अर्धा तास लागतो. तेवढ्या अवधीत एकदा जरी पांढरा दिवा डोळ्यांवर आला तरी पुन्हा आरंभापासून वाट पाहावी लागते. म्हणून नकाशा वाचावयास मंद तांबडा दिवा वापरतात. दुसरा उपाय चमत्कारिक वाटेल. मंद वस्तू पाहावयाची असेल तर तिच्याकडे सरळ पाहू नये. नजर किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याच्या मध्यभागी रंग व बारकावे ओळखणाऱ्या पेशी असतात, तर अंधारातील मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी मध्यापासून दूर दाट असतात. त्यामुळे सरळ पाहताच जो नाहीसा होतो, तोच धूमकेतू बाजूला पाहताच प्रकट होतो. तिसरा उपाय दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकेच टिचकी मारण्याचा. हलणारी मंद वस्तू डोळ्याला स्थिर वस्तूपेक्षा लवकर जाणवते. चौथा उपाय वर्धनाचा. धूमकेतू मोठा व विरळ असेल तर कमी वर्धनाची नेत्रिका लावावी. लहान व घट्ट असेल तर वर्धन वाढवून आकाश काळे करावे.

एवढे करूनही जे दिसले तो धूमकेतूच आहे, याची खात्री एका गोष्टीने होते, ती म्हणजे गती. शेजारच्या ताऱ्यांचे चित्र कागदावर काढावे, ठिपक्याची जागा दाखवावी, आणि तासाभराने किंवा दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. तेजोमेघ जागचा हलत नाही, धूमकेतू हलतो. मग तेजाचा अंदाज. नेत्रिका किंचित अस्पष्ट करून तारे धूमकेतूएवढे पसरू द्यावयाचे आणि मग तुलना करावयाची, अशी एक रूढ रीत आहे. त्याबरोबर शीर्षाचा व्यास आणि प्रकाश मध्याकडे किती एकवटला आहे याचा शून्य ते नऊ या श्रेणीतील अंक लिहितात. शेपटी असल्यास तिची लांबी व दिशा लिहितात. वेळ, दुर्बिणीचा आकार, वर्धन आणि आकाशाची स्थिती यांवाचून नोंद अपुरी राहते.

या सर्वांत कठीण गोष्ट मात्र यंत्राची नाही, मनाची आहे. धूमकेतू अमुक जागी असावयास हवा हे निरीक्षकास आधी ठाऊक असते, आणि मन तेथे ठिपका निर्माण करू शकते. अनुभवी निरीक्षक म्हणून नकाशावरील नेमके स्थान न पाहता आधी आसपासचा भाग चाळतात, जे दिसेल ते लिहितात आणि नंतरच स्थान ताडून पाहतात. न दिसल्यास ‘दिसला नाही, अमुक प्रतीचा तारा दिसत होता’ असे लिहितात. ही नकाराची नोंदसुद्धा शास्त्रात मोलाची ठरते. धूमकेतू अपेक्षेपेक्षा मंद झाला, कदाचित फुटला, हे तिच्यावरूनच कळते.

आज पर्वतशिखरांवरील स्वयंचलित दुर्बिणी दर रात्री आकाश चाळतात आणि बहुतेक नवे धूमकेतू त्यांनाच सापडतात. मग हौशी माणसाचे काय काम उरले, असा प्रश्न येतो. त्याची उत्तरे घडलेल्या गोष्टींतच आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये सतराव्या प्रतीचा, विस्मृतीत गेलेला होम्सचा धूमकेतू दोनएक दिवसांत चार-पाच लाख पटींनी उजळून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. तो उजळताना प्रथम दिसला तो एका हौशी निरीक्षकालाच. ३० ऑगस्ट २०१९ रोजी गेनादी बोरिसोव यांनी क्रिमियात स्वतः बनविलेल्या ६५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने जो धूमकेतू शोधला, तो आपल्या सूर्यमालेतला नव्हताच. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याकडून आलेला तो पहिलाच ज्ञात धूमकेतू होय. शिवाय एकच धूमकेतू महिनोन्‌महिने, जगाच्या निरनिराळ्या भागांतून पाहिला गेला, तरच त्याच्या तेजाचा चढउतार पूर्ण कळतो. भारतात पहाट होते तेव्हा युरोपात मध्यरात्र असते, तर अमेरिकेत संध्याकाळ. सूर्योदयापूर्वी क्षितिजावर क्षणभर दिसणाऱ्या धूमकेतूचा दख्खनच्या पठारावरील वेध दुसऱ्या कोणाला घेता येत नाही.

हैदराबादेला मात्र या कामी एक अडचण आहे. शहर वाढले तसे आकाश उजळत गेले. म्हणूनच १९६८ साली अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण उभी राहिली ती शहरात नव्हे, तर पन्नास-एक किलोमीटर दूर जपाल-रंगापूरच्या खडकाळ माळावर. त्या काळी कृष्ण दामोदर अभ्यंकर हे निझामिया वेधशाळेचे संचालक होते. आज शहर त्याही दिशेने पसरले आहे आणि बेगमपेठेतील जुन्या वेधशाळेत वेध घेतले जात नाहीत. ज्या आकाशाखाली एका मुलाची नजर तयार झाली, ते आकाश त्याच ठिकाणी आज कोणा मुलाला मिळणार नाही.

तरीही सर्व गेले असे नाही. पावसाळा ओसरल्यावर कार्तिकापासून माघापर्यंत दख्खनच्या रात्री निवळ असतात. शहराबाहेर तासा-दोन तासांच्या अंतरावर अजून अंधार सापडतो. घरोघरच्या अनावश्यक दिव्यांना वरून झाकण घातले, तर गावांतही तो पुष्कळसा परत मिळेल. सहा इंची आरसा, एक वही, एक शिसपेन्सिल आणि मंद तांबडा दिवा एवढ्यावर काम सुरू होते. पूर्वज ज्या शेंडेनक्षत्राला भीत, त्याची वेळ, जागा आणि तेज जो निरीक्षक पहाटे थंडीत कुडकुडत वहीत उतरवितो, त्याने त्या भयाला उत्तर दिलेले असते. आणि ज्या रात्री काहीच दिसले नाही, त्या रात्रीही त्याच वहीत त्याने तसे लिहून ठेवावे.