पत्रकर्ता आणि वर्गणीदार

काशीत गंगेकाठच्या अरुंद गल्ल्यांमध्ये दूधविनायक नावाचा मोहल्ला आहे. काशीच्या छप्पन विनायकांपैकी एकावरून त्याला हे नाव मिळाले. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकताच हिंदी, असा त्यांचा व्यवहार. अशा घरात मराठी मासिक यावयाचे ते टपालाने, पुण्याहून किंवा मुंबईहून. ते आले म्हणजे घरात वाचनाचा क्रम ठरे. न आले तर विचारणार कोणाला? काशीचा मराठी वाचक पुण्याच्या प्रकाशकाला फार दूरचा, आणि एकट्या काशीतील मराठी वाचकांवर एखादे मराठी पत्र चालावे एवढी त्यांची संख्या नाही.

आज ही अडचण निराळ्या रीतीने सुटू शकते. दूधविनायकातील एखाद्या माडीवर बसलेला लेखक दर आठवड्याला एक लेख लिहून तो ई-मेलने एकाच वेळी बडोद्याच्या, इंदूरच्या, तंजावरच्या आणि लंडनच्या मराठी वाचकाकडे धाडू शकतो. यालाच ई-मेल वार्तापत्र म्हणतात. छापखाना नाही, कागद नाही, टपालहशील नाही. वाचक आपण होऊन आपला पत्ता देतो, लेखक त्या पत्त्यावर लिहितो, आणि काही वाचक त्यासाठी वर्गणी भरतात. लेखक, संपादक, प्रकाशक आणि हिशेबनीस अशी चारही कामे येथे एकाच माणसाकडे असतात.

साधन नवे असले, तरी धंदा जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत पुण्यात 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे सुमारे सात वर्षांत मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सगळा मजकूर शास्त्रीबुवांच्या एकट्याच्या लेखणीतून उतरला. एक लेखक, एक ठाम दृष्टी आणि ती दृष्टी ऐकावयास उत्सुक असलेला वाचकवर्ग, एवढ्यावर ते मासिक उभे होते. आजच्या वार्तापत्राचा पायाही हाच आहे. सर्वांसाठी सर्व काही लिहिणारे पत्र कोणाचेच होत नाही. काशीतील मराठी घराण्यांचा इतिहास असो, हातमागाचा व्यापार असो की संस्कृत ग्रंथांचा परिचय असो, विषय नेमका असला म्हणजे वाचक थोडा मिळतो, पण टिकतो.

परंतु चांगले लिहिले म्हणजे पत्र चालते असे नव्हे. मूळच्या मराठी घरातील माधवराव सप्रे यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. त्यातील ग्रंथपरीक्षणांची हिंदी साहित्याच्या इतिहासात आजही आदराने नोंद होते. तरीही पैशाच्या ओढाताणीमुळे १९०२ अखेर ते बंद करावे लागले. मासिके गुणांच्या अभावी जितकी बुडाली, त्याहून किती तरी अधिक वर्गणीच्या अभावी बुडाली. म्हणून वार्तापत्र काढू पाहणाऱ्याने प्रथम पाटीवर हिशेब मांडावा.

समजा, विनामूल्य पत्र घेणारे १,००० वाचक जमले आणि त्यांपैकी शंभरास पाच या प्रमाणात ५० जण दरमहा १०० रुपये देऊ लागले. तर महिन्याचे ५,००० रुपये झाले. वर्गणी गोळा करून देणारी सेवा आपला वाटा घेते. २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली सबस्टॅक ही प्रसिद्ध सेवा वर्गणीच्या दहा टक्के घेते आणि पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थाचे शुल्क निराळे. हाती साडेचार हजारांहूनही कमी राहतात. त्यावर संसार चालत नाही. तोच आकडा एक लाखावर न्यावयाचा, तर पैसे देणारे १,००० वाचक हवेत, आणि त्याच प्रमाणाने विनामूल्य पत्राची यादी २०,००० ची हवी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लक्ष होते. त्यांतून १,००० म्हणजे ८३,००० माणसांमागे एक. हे अशक्य नव्हे. मात्र एका वर्षाचे काम नव्हे.

शिवाय वर्गणीदार आला तो कायमचा आला असे होत नाही. दरमहा शंभरातील चार जण गळाले, तर वर्षाअखेर मूळच्या शंभरांपैकी एकसष्टच उरतात. म्हणजे यादी आहे तेवढी राखावयाची, तरी एकोणचाळीस नवे वाचक आणावे लागतात. वाढीचे गणित येथेच चुकते. नवा वाचक मिळविण्यासाठी धावपळ करणारा लेखक जुन्या वाचकाच्या पत्राला उत्तर द्यावयाचे विसरतो, आणि भांड्याला तळाशी छिद्र असताना वरून पाणी ओतीत बसतो. गळतीची काही कारणे तर लेखनाशी संबंधितही नसतात. भारतात ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आले आणि प्रत्येक वसुलीपूर्वी ग्राहकास सूचना देणे आवश्यक झाले. ग्राहकाच्या हिताचा हा नियम असला, तरी छोट्या पत्रकर्त्याला त्यातून शिकावयाचे ते एवढेच, की मासिक वर्गणीबरोबर वार्षिक वर्गणीचीही सोय ठेवावी. वर्षातून एकदा मागितलेले पैसे एकदाच मागावे लागतात.

यादी कशी वाढवावी, याचे मार्गही फारसे गूढ नाहीत. वाचकाने आपल्या मित्राला पाठविलेले पत्र ही सर्वांत खात्रीची जाहिरात होय. दुसऱ्या पत्रकर्त्याने आपल्या वाचकांना केलेली शिफारस ही दुसरी. नेमलेल्या वारी, नेमलेल्या वेळी पत्र जाणे ही तिसरी. आणि न विचारता कोणाचा पत्ता यादीत न घालणे, ही तर सचोटीची पहिली अट. गूगल आणि याहू यांनी २०२४ च्या फेब्रुवारीपासून हीच अट आपल्या नियमांत आणली आहे. मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने पटवावी, वाचकाला एका टिचकीसरशी यादीतून बाहेर पडता यावे, आणि हजारातून तीन वाचकांनीही त्या पत्राला नकोसे म्हणू नये, असे ते नियम सांगतात. पत्र किती जणांनी उघडले हा आकडाही पूर्वीसारखा विश्वासाचा राहिलेला नाही. अॅपलने २०२१ पासून वाचकाच्या खासगीपणासाठी तो झाकण्याची सोय केली आहे. वाचकाचे उत्तर आले का, हीच आता खरी मोजणी.

येथवर हिशेबाची गोष्ट झाली. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो काशीतच एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीच्या महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. कलकत्त्यातील हिंदी वृत्तपत्रांत त्यांनी उमेदवारी केली, क्रांतिकारकांशी संबंधाच्या संशयावरून बंदिवास भोगला, आणि १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांच्या 'आज' या काशीच्या दैनिकात ते आले. १९२५ मध्ये वृंदावन येथे भरलेल्या हिंदी संपादकांच्या संमेलनात त्यांनी अध्यक्ष या नात्याने भविष्य वर्तविले. पुढील काळात पत्रे मोठी होतील, छपाई सुंदर होईल, ग्राहक लाखांनी मोजले जातील; परंतु पत्रातील प्राण मात्र जाईल, कारण धोरण धनिक ठरवतील आणि संपादक पगारी नोकर होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वाढीची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागेल, हे त्यांचे दुःख होते.

वार्तापत्राने हा पेच सुटला असे वरवर वाटते. येथे धनिक मालक नाही. वर्गणीदार हाच पोशिंदा. तथापि धनी गेला तरी धनीपण जात नाही, ते जागा बदलते. पत्ते ज्या सेवेच्या ताब्यात, ती उद्या दर वाढवील. म्हणून वाचकांची यादी प्रत्येक महिन्यास उतरवून आपल्याजवळ ठेवावी आणि वाचकांनी विश्वासाने दिलेली ती माहिती दुसऱ्या कोणास विकू नये. जाहिरातदाराचा लेख आपल्या लेखासारखा सजविण्याचा मोह होईल; जाहिरातीला जाहिरात म्हणावे, एवढे बंधन पुरे. सर्वांत नाजूक दास्य मात्र वर्गणीदारांचेच. ज्या लेखाने पन्नास नवे वर्गणीदार आणले, तशाच दहा लेखांची मागणी होते. ज्या लेखाने वीस जण सोडून गेले, तो खरा असला तरी पुन्हा लिहावयास हात धजत नाही. शेठजीच्या भीतीने लेखणी वाकणे आणि वाचकांच्या टाळ्यांनी ती वाकणे यांत परिणामाचा फारसा भेद नाही.

यावर उपाय एकच दिसतो. चरितार्थाची पहिली एक-दोन वर्षे दुसऱ्या कामावर काढावी, जसे शास्त्रीबुवांनी शिक्षक असताना माला गुंफली. वीस वर्गणीदार गेले तरी चूल विझणार नाही, एवढी तजवीज झाली म्हणजे खरे लिहिण्याचे बळ येते. आणि वाढ हळू असली, तरी ती अशा वाचकांची असावी, की जे मतभेदाच्या दिवशीही पत्र उघडतात.

१९३० मध्ये सरकारी वटहुकुमाने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, तेव्हा काशीत 'रणभेरी' हे पत्रक सायक्लोस्टाइल यंत्रावर चोरून काढले जाई, आणि त्यामागे पराडकरांची लेखणी होती. त्याला ना जाहिरात, ना वर्गणी. या हातातून त्या हातात जाणारा कागद, आणि तो देणाऱ्यावरचा विश्वास, एवढेच त्याचे भांडवल होते. आज पोलिसाचा धाक नाही, यंत्रही निराळे आहे. पण भांडवल तेच आहे. दूधविनायकाच्या माडीवरून पत्र धाडणाऱ्याने यादीचा आकडा जरूर पाहावा. परंतु त्या आकड्यातील प्रत्येकाने आपल्याला दार उघडून आत घेतले आहे, हे विसरू नये.