महिन्याला किती मिळतात? एका छोट्या वेबसाइटचा हिशोब

(भागाचं लिखित रूप. अडखळणं आणि मधला चहा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी एकटाच बोलणार आहे. कारण मागच्या दोन-तीन भागांखाली एकच प्रश्न येतोय, "दादा, वेबसाइट काढली तर महिन्याला किती मिळतात?" आमच्या घरातही हाच प्रश्न आहे. फक्त पप्पा तो वेगळ्या शब्दांत विचारतात, "काय रं, ह्यातनं काय मिळतंय का नुसतं जागरणच?"

तर आज सगळा हिशोब मांडतो. लपवाछपवी नाही.

आधी वेबसाइट कसली ते सांगतो. मी शिवाजी पेठेतला. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना वाटतं की आमच्याकडे तालीम म्हणजे फक्त कुस्ती. पण इथल्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठेतली निम्मी पोरं तिथंच असतात. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तो याच कोल्हापूरचा. एवढं सगळं असून मॅचचा स्कोअर कुठं बघायचा? व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डवर, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. म्हणून मी एक साधी साइट केली. आजच्या मॅच, स्कोअर, गोल कुणी मारला, पॉइंट टेबल. बास.

पहिल्या महिन्यात वाटलं, आपण जिंकलो. मोठ्या मॅचच्या दिवशी ट्रॅफिकचा ग्राफ सरळ वर. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ग्राफ जमिनीवर. पाऊस सुरू झाला, सीझन संपला, आणि दिवसाला पाच-सहा माणसं. त्यातला एक मी, एक माझा मित्र.

इथं पहिला धडा. छोट्या साइटला एक छत असतं. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये रस असलेली माणसं किती, तो आकडा ठरलेला आहे. मी कितीही चांगला कोड लिहिला तरी नागपूरचा माणूस दिलबहारचा स्कोअर बघायला येणार नाही. "ट्रॅफिक वाढव" म्हणणं सोपं आहे. पण आपलं छत किती उंच आहे, ते आधी बघायला पाहिजे. मी बघितलं नव्हतं.

दुसरी चूक सर्चची. मी पानांना शुद्ध मराठीत भारदस्त नावं दिली होती. "पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध खंडोबा तालीम मंडळ, साखळी सामना." वाचायला छान. पण असं कोण शोधतं? सर्च कन्सोल नावाचं गुगलचं फुकट टूल आहे. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. उघडून बघितलं तर लोक इंग्रजी अक्षरांत लिहीत होते, "पीटीएम खंडोबा मॅच टुडे". कुणी "आज मॅच कुणाची". कुणी नुसतंच "शाहू स्टेडियम". मग मी शीर्षक मराठीतच ठेवलं, पण त्यात लोकांच्या तोंडचं नाव घातलं, तारीख घातली, आणि पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत केला. त्या सीझनला सर्चमधून येणारी माणसं दिसण्याइतकी वाढली. पानावरची एक ओळही बदलली नव्हती. आपण आपल्या भाषेत लिहितो, आणि वाचणारा त्याच्या कीबोर्डवर शोधतो. हे अंतर आपणच भरायचं असतं.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते, कारण मी पोटासाठी सॉफ्टवेअरच लिहितो. माझी साइट घरच्या वायफायवर पळायची. स्टेडियमवर उघडायचीच नाही! हजारो माणसं एका जागी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, टॉवर बिचारा तेवढाच. आणि माझ्या पहिल्या पानावर तीन एमबीचा एचडी फोटो. गुगल म्हणतं, पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. माझा फोटो दिसेपर्यंत कॉर्नर किक मारून व्हायची. एक पोरगा तोंडावर म्हणाला, "भावा, तुझी साइट उघडूस्तोवर मॅच संपतीया."

त्या रात्री सगळे फोटो काढले. फॉन्ट काढला, स्लायडर काढला. नुसता मजकूर आणि आकडे ठेवले. दर वेळी सर्व्हरवर पान तयार होत होतं, ते बंद करून तयार फाइलच ठेवली. त्यामुळं होस्टिंगचा महिन्याचा खर्चही शून्यावर आला. राहिला फक्त डोमेनचा, वर्षाला हजार-बाराशे रुपये. छोट्या साइटवाल्यांनी हे लक्षात ठेवा. कमाई वाढवणं अवघड आहे, खर्च कमी करणं आपल्या हातात आहे.

आता पैशाकडे येऊ.

सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं अॅडसेन्स. मराठी साइटना त्याचा अधिकृत आधार मिळाला २०१८ मध्ये. हिंदीला २०१४ मध्येच मिळाला होता. हिशोब समजून घ्या. आरपीएम म्हणजे हजार वेळा पान उघडल्यावर तुमच्या पदरात पडणारे पैसे. समजा आरपीएम ४० रुपये आहे आणि महिन्याला ५०,००० वेळा पान उघडलं. पन्नास गुणिले चाळीस, झाले २,००० रुपये. आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. म्हणजे तेवढे जमायला चार-पाच महिने. तेही प्रत्येक महिना तसाच गेला तर. आमचा सीझनच जेमतेम सहा महिन्यांचा. माझे पहिले १०० डॉलर जमायला अकरा महिने लागले.

आरपीएम कमी का? कारण प्रत्येक जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. क्रेडिट कार्डाबद्दल वाचणाऱ्या माणसासाठी बँका आपापसात बोली वाढवतात. फुटबॉलचा स्कोअर बघून दहा सेकंदांत निघून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरासाठी कोण भांडणार? तो दोष तुमच्या लिखाणाचा नाही, बाजाराचा आहे.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. जाहिराती वाढवल्या. एका पानावर सहा. पान परत जड झालं, वर उड्या मारायला लागलं. बोट स्कोअरवर ठेवायला जावं, तेवढ्यात मजकूर खाली सरकतो आणि टॅप जाहिरातीवर. अशा चुकून झालेल्या क्लिकांवर खातं बंद होऊ शकतं. मित्रांना सांगून क्लिक करून घेणं तर त्याहून वाईट, ते अजिबात करू नका. दोन आठवड्यांत परत येणाऱ्या लोकांचा आकडा घसरला. चार पैसे जास्त मिळाले असतील, पण माणसं गेली. सहाची एक जाहिरात केली.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर फक्त एका मित्राला सांगितलंय.

२०२५ च्या सीझनमध्ये एक मेसेज आला. एका अॅपचा बॅनर लावायचा. रक्कम महिन्याला अशी, की माझ्या अख्ख्या वर्षाच्या कमाईच्या कितीतरी पट. अॅप कसलं, तर सट्ट्याचं. वरून "फॅन्टसी", "प्रेडिक्शन" असं गोड नाव. मी म्हटलं, सगळेच लावतात. क्रिकेटमध्ये तर जिकडं बघावं तिकडं तेच. लावलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उभा मारुती चौकात उभा होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा, अकरावीतला, मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "दादा, तुझ्या साइटवरनं हे अॅप घेतलं. पाचशे घातले, गेले. परत कसं काढायचं रं?" पाचशे रुपये त्याच्या आईनं क्लासच्या झेरॉक्ससाठी दिलेले.

त्याला मी काय उत्तर देणार? खिशातले पाचशे त्याला दिले, घरी आलो, बॅनर काढला आणि आलेले पैसे परत पाठवले. तो मेसेज करणारा हसला असेल. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं २०२२ पासूनच अशा जाहिराती घेऊ नका म्हणून सूचना काढल्या होत्या. मी त्या वाचल्या होत्या, तरी लावलं. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदाच केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. पण मला त्या दिवशी कायद्याची भीती वाटली नव्हती. त्या पोरानं अॅपवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. छोट्या साइटकडे तेवढंच भांडवल असतं, आणि तेच मी विकलं होतं.

मग प्रश्न उरला, आता पैसे कुठनं आणायचे?

वही घेऊन बाजारात उतरलो. पहिल्या दुकानदाराला सांगितलं, "काका, महिन्याला इतके पेजव्ह्यू आहेत." ते म्हणाले, "त्याचं मी काय करू? गिऱ्हाईक येतंय काय, तेवढं सांग की." तीन दुकानांत हेच ऐकलं. चौथं दुकान जर्सी छापणाऱ्याचं. तिथं मी भाषा बदलली. म्हटलं, "दादा, गल्लोगल्लीची टीम काढणारी पोरं माझं पॉइंट टेबल बघतात. त्याखाली तुमचं नाव आणि व्हॉट्सअॅपचं बटण ठेवतो. बटणावरून येणाऱ्या मेसेजमध्ये साइटचं नाव आपोआप लिहिलेलं असेल. महिनाभर फुकट. मेसेज मोजा, मग ठरवा." महिन्यानं त्यांनीच फोन केला. सीझनचे ६,००० रुपये ठरले. मग एक स्पोर्ट्सचं दुकान आलं, एक मिसळवाले आले. तिघांचे मिळून जे झाले, ते जाहिरातींच्या नेटवर्कनं दोन वर्षांत दिले नव्हते. आमचा वाचक कमी आहे, पण सगळा एकाच गावात आहे. मोठ्या जाहिरातदाराला त्याची किंमत नाही, जर्सीवाल्याला आहे.

अजून एक गोष्ट. मायबोली ही वेबसाइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. तेव्हा मराठी टाइप करणं हीच कसरत होती. ती टिकली, कारण माणसं तिथं एकमेकांसाठी परत परत येत राहिली. सर्चमधून चुकून आलेला पाहुणा एकदा येतो. सवयीनं येणारा माणूस साइट जगवतो. म्हणून मी आता एकूण ट्रॅफिक बघणं सोडलंय. आठवड्यात दुसऱ्यांदा किती जण आले, एवढंच बघतो.

त्यासाठी व्हॉट्सअॅप चॅनेल काढलं. भीती होती की स्कोअर चॅनेलवर दिला तर साइटवर कोण येणार? खरंय, नुसत्या स्कोअरसाठी येणारे कमी झाले. आता तर गुगलच्या पानावरही एआय वरच्या वर उत्तर देतंय. नुसत्या बातमीवर साइट चालवायचे दिवस गेले. पण कोणी किती गोल मारले, गेल्या सीझनला या दोन टीममध्ये काय झालं, हे एका जागी नीट मांडलेलं माझ्याकडेच आहे. ते नोंदवायला उन्हात स्टेडियमवर बसावं लागतं. एआय तिथं येऊन बसत नाही.

गेल्या मे महिन्यात एका खेळाडूचा फोन आला. स्पोर्ट्स कोट्यातून अर्ज करायचा होता. सर्टिफिकेटं होती, पण कुठल्या मॅचला किती गोल याची यादी त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडे होती. प्रिंट काढून दिली. घरी यायला लागला तर दारात पप्पा. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. तो गेल्यावर म्हणाले, "ह्याचं किती घेतलंस?" म्हटलं, काही नाही. म्हणाले, "बरं केलंस." आणि आत गेले. त्यानंतर "काय मिळतंय" हा प्रश्न महिनाभर आला नाही. आता परत यायला लागलाय, ते वेगळं!

तर उत्तर. महिन्याला किती मिळतात? वर्षाचा खर्च निघतो, पेट्रोल निघतं, मॅचच्या नोंदी घेणाऱ्या दोन पोरांना थोडं मानधन देता येतं. नोकरी सोडावी एवढं मिळत नाही, आणि माझं छत बघता मिळणारही नाही. तुम्ही काढणार असाल तर आधी आपल्या वाचकांचं छत मोजा, खर्च शून्याजवळ आणा, आणि पहिला जाहिरातदार आपल्या पेठेत शोधा. आणि कुणी एकदम भरघोस पैसे देऊ केले, तर ती जाहिरात आपल्या गल्लीतल्या पोराला दाखवता येईल का, एवढं स्वतःला विचारा. मला ते चार दिवस उशिरा सुचलं.

तुमची अशी छोटी साइट असेल तर तुमचा हिशोब पाठवा, तोट्याचा असला तरी चालेल. चला, उद्या दुपारी मॅच आहे. भेटू पुढच्या भागात.