ईश्वराविषयीचे जाहीर वाद आणि आपण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस, महागाई किंवा कापसाचा भाव यांपैकी एखादा विषय ते सुचवतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी सुचवला तो विषय असा : ईश्वर आहे की नाही, यावर ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्यात जे जाहीर वाद होत आले, त्यांपासून आपण काय घ्यावे? आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटसभेत. धर्मशास्त्रात किंवा तत्त्वज्ञानात आम्हांस कसलाही अधिकार नाही. पण वाद कसा घालावा, विरुद्ध बाजूचे कसे ऐकावे, आणि सभा उधळू न देता शेवटपर्यंत कशी न्यावी, हा आमचा तीस वर्षांचा धंदा आहे. त्या धंद्याच्या नजरेने आम्ही या विषयाकडे पाहणार आहोत.

कोणी म्हणेल, हा विलायतेतला वाद. यवतमाळास त्याचे काय? तसे नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे या जिल्ह्यातले काम शंभरावर वर्षांचे आहे. उमरीचा मिशनचा दवाखाना खेड्यापाड्यांतल्या माणसास ठाऊक आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था १९५३ साली यवतमाळात निघाली, आणि १९८३ साली ती पुण्यास जाईपर्यंत दूरदूरचे विद्यार्थी इथे राहून शिकत. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून जगाला कोणी निर्माता आहे हे न मानणाऱ्या वस्त्याच्या वस्त्या आमच्या विदर्भात उभ्या राहिल्या. देव न मानणारा म्हणजे इंग्रजी पुस्तके वाचलेला एखादा वकील, ही समजूत इतरत्र चालेल. इथे तो हमाल आहे, गवंडी आहे. रेच्यावर कापूस टाकणारी बाई आहे. ती येशूला मानणाऱ्या बाईशेजारी बसून डबा खाते, आणि पलीकडे पंढरीची माळ घातलेला म्हातारा बसलेला असतो. तेव्हा हा प्रश्न आमच्या घरचाच आहे.

महाराष्ट्रात मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालण्याची परंपरा जुनी आहे. १८३१ च्या सुमारास मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची झुंज झाली, आणि दोघांनीही आपापली बाजू छापून लोकांपुढे ठेवली. पण सर्वांत गाजला तो १८५७ चा समुद्रकिनाऱ्यावरचा वाद. एका बाजूस विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले. सरकारी खात्यातली नोकरी सोडून, तप करून, गावोगाव व्याख्याने देत ते मुंबईस आले होते. दुसऱ्या बाजूस मिशनरी मंडळी, आणि त्यांत जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन गृहस्थ. जानेवारी ते मे १८५७ इतके दिवस हा वाद चालला. वाळूवर लोक जमत आणि देवाचे स्वरूप, पाप, मोक्ष यांवर प्रश्नोत्तरे होत. मे महिन्यात उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, आणि त्याच महिन्यात किनाऱ्यावरचा हा वादही संपला.

विष्णुबुवा नास्तिक नव्हते. वेदांचे ते कट्टर अभिमानी. मग नास्तिकांच्या वादाची गोष्ट सांगताना त्यांना का आणले? दोन कारणांसाठी. पहिले कारण बोवेनसाहेब. हा माणूस तरुणपणी कोणताही धर्म न मानणारा होता. अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास तो ख्रिस्ताकडे वळला, १८४८ साली मुंबईस आला, मिशनचा पगार त्याने सोडून दिला आणि अगदी गरिबीत राहून १८८८ साली मुंबईतच देह ठेवला. म्हणजे त्या वाळूवर देवाच्या बाजूने बोलणाऱ्यांत एक जण असा होता, की ज्याने दुसऱ्या तीरावरचे पाणी पिऊन पाहिले होते. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ असतो. दुसरे कारण त्या वादाची रीत. तो राजवाड्यात झाला नाही, पंडितांच्या सभेत झाला नाही. तो उघड्यावर झाला, येणाऱ्याजाणाऱ्याने ऐकावा असा झाला. बोवेन यांनी त्याच वर्षी तो इंग्रजीत छापला. विष्णुबुवांच्या बाजूने तो मराठीत पुस्तकरूपाने आला. राज्य इंग्रजांचे, धर्म राज्यकर्त्यांचा, आणि तरीही लंगोटी नेसलेला एक साधू भर सभेत उलट प्रश्न विचारू शकतो, हे हजारो लोकांनी पाहिले. कोण जिंकले यापेक्षा हे पाहणे मोठे होते.

याच विष्णुबुवांनी १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सगळी जमीन सर्वांची, पिकलेले धान्य एका कोठारात, आणि ज्याला जितके लागेल तितके त्याने न्यावे, अशा राज्याची कल्पना त्यात आहे. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंडही १८६७ चाच. एकास दुसऱ्याची वार्ता नव्हती. एक देवाचा परम भक्त, दुसरा देव न मानणारा. पण भाकरीच्या प्रश्नापाशी दोघे किती जवळ आले पाहा! कामगार चळवळीतल्या माणसाने ही जोडी विसरता कामा नये.

आता खऱ्या नास्तिकाकडे वळू. इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा पुढारी होऊन गेला. जन्म १८३३, घर गरिबाचे. लहानपणी तो चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवीत असे. धर्मग्रंथात मेळ बसेना म्हणून त्याने पाद्र्यास शंका विचारल्या. उत्तराऐवजी नास्तिक म्हणून शिक्का बसला आणि पोरवयात घर सुटले. पुढे त्याने गावोगावच्या सभागृहांत पाद्र्यांशी शेकडो लोकांसमोर वाद केले. १८८० साली नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्यास पार्लमेंटात निवडून दिले. पण ईश्वराची शपथ घेण्याचा प्रश्न आला आणि त्यास आत बसू देईनात. जागा रिकामी ठरवावी, मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडावे, असे सहा वर्षे चालले. १८८६ साली तो बसला, आणि १८८८ साली शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क सर्वांना देणारा कायदा त्याने करून घेतला. पुढच्याच वर्षी, १८८९ च्या डिसेंबरात, मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास तो आला होता. आज आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात आमदार-खासदारांस दोन वाटा दिल्या आहेत : ईश्वरसाक्ष शपथ घ्या, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. दुसऱ्या वाटेमागे असल्या माणसांचे झिजणे आहे.

ब्रॅडलॉ १८९१ साली वारला. लंडनातले हिंदी लोक त्याच्या अंत्यविधीस गेले; त्यांत मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी होता. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्यास गाठले आणि विचारले की, पृथ्वीचा घेर किती मैलांचा ते तुम्हांस ठाऊक आहे, तर तुमच्या देवाचे आकारमान किती आणि तो असतो कुठे ते सांगा. पाद्री नम्रपणे म्हणाला, तो तुमच्या आणि माझ्या हृदयात आहे. प्रश्न करणाऱ्याने विजयी मुद्रेने सभोवार पाहिले. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, या संभाषणाने नास्तिकतेविषयी त्यांची नावड आणखी वाढली. ब्रॅडलॉने आयुष्यभर कमावलेले, त्याच्या एका चाहत्याने स्टेशनवर घालवले! मित्रहो, टाळी घेणारा प्रश्न आणि माणूस मिळवणारा प्रश्न यांत असे अंतर असते. गेटसभेत मालकाची टिंगल केली की हशा होतो; पण घाबरून मागे उभा असलेला कामगार त्या हशाने पुढे येत नाही.

याच्या उलट नमुनाही आहे. जानेवारी १९४८ मध्ये बी.बी.सी. रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि फादर कॉपल्स्टन यांचा वाद झाला. एक नामांकित अश्रद्ध, दुसरा जेझुइट पंथाचा पाद्री. त्यांनी आधी काय केले? ‘ईश्वर’ या शब्दाने आपण काय समजतो ते ठरवून घेतले. मग कॉपल्स्टन म्हणाले की, या जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, तेव्हा सगळ्याचा आधार असे काही असलेच पाहिजे. रसेल म्हणाले की, प्रत्येक वस्तूला कारण असते यावरून सबंध विश्वालाही कारण असलेच पाहिजे असे निघत नाही. दोघांपैकी कोणी हटले नाही. पण मतभेद नेमका कुठे आहे ते ऐकणाऱ्यास कळले. मागणीपत्रावर वाटाघाट करताना आम्ही हेच म्हणतो : आधी कलम वाचा, शब्दाचा अर्थ ठरवा, भांडण मग.

आमच्या शेजारच्या सेवाग्रामलाही असा एक संवाद झाला. आंध्रातले कट्टर नास्तिक गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, गांधीजींकडे येत. अस्पृश्यता मोडण्याचे काम देवाच्या नावाशिवाय करता येते, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी त्यांना दूर केले नाही. त्यांच्या कामाचा आदर केला. गोरांच्या मुलीचे दलित तरुणाशी लग्न सेवाग्रामला लावण्याचे ठरले. गांधीजींची हत्या झाली, तरी मार्च १९४८ मध्ये ते लग्न तिथेच लागले.

आता आमच्या अनुभवातली एक सभा सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी जिनिंगच्या हंगामात, एक ख्रिस्ती उपदेशक आणि कामगारांतला एक शिकलेला बौद्ध तरुण यांच्यात रोज संध्याकाळी कडाक्याचे वाद होऊ लागले. हातघाईवर येण्याची चिन्हे दिसली, तेव्हा लोकांनी आम्हांस अध्यक्ष केले. आम्ही अटी घातल्या : दोघांना सारखा वेळ, घड्याळ टेबलावर, कोणाच्या देवाची वा गुरूची निंदा नाही, आणि शेवटी ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. दोघेही चांगले बोलले. उपदेशक म्हणाला, घड्याळ आहे तर घड्याळजी आहे. तरुण म्हणाला, मग घड्याळजीला कोणी केले? टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मग रेच्यावरची एक बाई उठली. म्हणाली, “माह्या धन्यानं औषध पेलं. त्या राती तुमचा देव कुठी होता? अन् पोरा, तुहं विज्ञान कुठी होतं?”

सभा गप्प झाली. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उपदेशक बऱ्याच वेळाने म्हणाला, याचे उत्तर मजजवळ नाही, उद्या मी तुमच्या घरी येतो. तरुण म्हणाला, मदतीचा अर्ज केला का, ताई? केला नव्हता. सरकार अशा कुटुंबास एक लाख रुपये देते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तरुणाने अर्ज लिहिला, उपदेशक कागदपत्रांसाठी तिच्याबरोबर हिंडला. तो अर्ज अपात्र ठरला, कारण जमीन सासऱ्याच्या नावावर होती. देवाविषयी दोघांचेही मत तसूभर बदलले नाही. मात्र त्या बाईचे नाव त्या गावात सर्वांना माहीत झाले, आणि पुढच्या वर्षी हंगामाच्या मजुरीवर बोलणी झाली तेव्हा ती आमच्या शिष्टमंडळात होती. दुःखाचा प्रश्न हा या वादातला सर्वांत जुना प्रश्न आहे, असे पुस्तकांत वाचतो. तो विचारण्याचा पहिला हक्क ज्याने दुःख भोगले त्याचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंस विचारला गेला पाहिजे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी गावोगाव जाहीर वादसंवाद केले. लागू स्वच्छ सांगत की देव ही कल्पना आता निवृत्त करावी; दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाच्या प्रश्नावर तटस्थ आहे, तिचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. एकाच व्यासपीठावर, एकाच चळवळीतली माणसे आपला मतभेद लोकांपुढे मांडीत. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे, ज्यांनी आयुष्य कामगारांसाठी वेचले, त्यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या आणि चार दिवसांनी ते गेले. आणि प्रार्थनेसाठी जमलेल्या ख्रिस्ती माणसांस मारहाण झाल्याच्या बातम्याही या देशात आपण वाचतो. १८५७ साली परक्या राज्यात जे वाळूवर उभे राहून बोलता आले, ते आपल्या राज्यात बोलता येऊ नये काय? ज्या गावात नास्तिकाचे तोंड बंद होते, त्या गावात उद्या ख्रिस्त्याचे होते, परवा मजुरी मागणाऱ्याचे होते. आमचा या विषयाशी संबंध आहे तो इथे. व्यासपीठ गेले तर सर्वांत आधी आमची गेटसभा जाईल.

आमच्या संघटनेच्या पावतीवर नाव असते, खाते असते, वर्गणी असते. देवाचा रकाना नाही. याचा अर्थ कामगारांनी देवाविषयी बोलू नये असा नाही. बोलावे, कडाडून बोलावे; पण वेळ सारखा द्यावा, शब्दाचा अर्थ ठरवावा, विरुद्ध बाजूचे म्हणणे तिला कबूल होईल अशा शब्दांत आधी मांडावे आणि मग खोडावे. आणि सभा सुटल्यावर एकमेकांस घरापर्यंत पोचवावे, कारण रात्र झालेली असते.

 आता प्रश्न विचारा. आस्तिकांनी आधी विचारावे की नास्तिकांनी, हे अध्यक्षमहाराज ठरवतील.