जमावाचा न्याय आणि एक साक्षीदार

(शारदीय व्याख्यानमाला, भंडारा : व्याख्यानाचे शब्दांकन)



जमावाने केलेली हत्या न्याय ठरते का, हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला भेटणाऱ्या बहुतेकांनी त्याचं उत्तर आधीच देऊन टाकलं आहे. ‘ज्याने बायाबापड्यांवर हात टाकला त्याला लोकांनी संपवलं, तर चुकलं काय? न्यायच झाला.’ असं म्हणणारी ही माणसं वाईट नाहीत. कोर्टकचेरीत त्यांच्या चपला झिजल्या आहेत, तारखा घेता घेता त्यांची उमेद गेली आहे. त्यामुळे त्यांना उडवून लावायचं माझ्या मनात नाही. ते ज्या घटनेचा दाखला देतात, तिथूनच सुरुवात करतो.

नागपूरची कस्तुरबानगर वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथे दहा वर्षांहून जास्त काळ धुमाकूळ घातला. खंडणी, मारहाण, खून, बलात्कार. बाया तक्रार करायला गेल्या की ठाण्यातून त्यांनाच हाकललं जायचं आणि तक्रारीची खबर अक्कूपर्यंत पोचायची. ऑगस्ट 2004 च्या सुरुवातीला त्याची टोळी उषा नारायणे या तरुणीच्या घरावर चालून गेली. दार बंद, बाहेर टोळी. उषाने आत गॅसचं सिलिंडर उघडलं आणि घरात शिरलात तर काडी ओढते, म्हणून बजावलं. टोळी मागे हटली. त्या प्रसंगानंतर वस्तीची भीती मोडली. लोकांनी अक्कूचं घर उद्ध्वस्त केलं आणि तो पोलिसांच्या आश्रयाला गेला. 13 ऑगस्टला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं, तेव्हा भर कोर्टात मिरचीची पूड आणि चाकू घेऊन आलेल्या जमावाने त्याला ठार केलं. पोलिसांनी काही बायकांना धरलं, तर साऱ्या वस्तीतल्या बाया ‘आम्हालाही अटक करा’ म्हणत पुढे आल्या. पुढे आरोपपत्रात बायकांबरोबर पुरुषांचीही नावं आली. 2014 मध्ये पुराव्याअभावी सगळे निर्दोष सुटले.

या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या दिवसांतल्या दोन प्रसंगांत मी फरक करतो. सिलिंडर उघडून उभी राहिलेली उषा स्वतःचा जीव आणि अब्रू वाचवत होती. बलात्कारासाठी चालून आलेल्याचा त्या झटापटीत जीव गेला, तरी जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 100 त्या स्त्रीच्या बाजूने उभं राहत होतं. नव्या न्याय संहितेतही तो हक्क तसाच आहे. तेव्हा हल्ल्याच्या क्षणी बाईने काय करायचं, याबद्दल वाद नाही. 13 ऑगस्टला मात्र अक्कू पोलिसांच्या ताब्यात होता. तिथे झाला तो वध होता. त्याची कारणं मला समजतात. तरीही त्याला न्याय म्हणता येत नाही, आणि का म्हणता येत नाही ते बघा. अक्कूने कोणाकोणावर अत्याचार केले, हे एकाही निकालपत्रात कायमचं लिहिलं गेलं नाही. त्या बायकांची साक्ष झाली नाही. त्याला खबर देणारे, तक्रारी दाबणारे, त्याच्या पैशावर पोसलेले, यांतल्या कोणालाही अक्कूच्या तोंडून निघालेल्या नावामुळे घाम फुटला नाही. तो मेला आणि त्याला सांभाळणारे सुटले.

हे झालं सगळ्यात अवघड उदाहरण, ज्यात आपलं मन मारणाऱ्यांच्या बाजूने झुकतं. आता आपल्या जिल्ह्यात या.

मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006 ची संध्याकाळ. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी आणि दोन मुलगे, अशा चार जणांना गावच्या जमावाने ठार केलं. प्रेतं कालव्यात सापडली. भैयालाल तेवढे वाचले. बातमी धड बाहेर यायला जवळजवळ महिना गेला, मग सारा विदर्भ पेटला. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण खैरलांजीची आठवण निघाली की एक गोष्ट बोलण्यातून सुटते, ती आज मला सांगायची आहे. सुरेखा साक्षीदार होती.

त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या गावचे पोलीस पाटील, जे भोतमांगे कुटुंबाच्या मदतीला धावत, त्यांना खैरलांजीतल्या काहींनी बेदम मारलं. सुरेखाने आणि तिच्या मुलीने मारणाऱ्यांना ओळखलं आणि तशी साक्ष दिली. आरोपींना अटक झाली. 29 सप्टेंबरला ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या झोपडीवर चालून गेले. जमीन होती, शेतातून रस्ता काढण्याचा वाद होता, आणि एका बौद्ध कुटुंबाने मान वर करून जगावं, पोरांना शिकवावं, हे खुपत होतंच. पण ठिणगी पडली ती साक्षीवरून.

आणि त्या जमावाकडेही कारण तयार होतं. सुरेखाच्या चारित्र्याबद्दल गावात कुजबूज पसरवली गेली होती, आणि हत्याकांडानंतरही तीच कुजबूज समर्थन म्हणून पुढे केली गेली. जमावाला आपण खून करतोय असं कधी वाटत नाही. तो नेहमी कोणाला तरी धडा शिकवत असतो, गावाची अब्रू राखत असतो. कस्तुरबानगरला जमाव पीडितांचा होता, हा अपवाद. गावगाड्यात जमाव बहुधा ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, ज्याचे भाऊबंद जास्त आहेत, ज्याचं ठाण्यात चालतं, त्याचाच असतो. मग ‘लोकांनीच न्याय करावा’ हा नियम आपण एकदा मान्य केला, तर त्याचा फायदा कोणाला होईल? एकट्या घराला होणार नाही. कोपऱ्यातल्या, गावकुसाबाहेरच्या, परगावाहून आलेल्या माणसाला तर नाहीच नाही.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने हेच दाखवलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी लोकांची डोकी तापलेली. आठवडी बाजाराचा दिवस. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. गुन्हा घडलेलाच नव्हता आणि शिक्षा देऊन झाली होती. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेला बळी पडले.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं चालतात. शेवटच्या अंकात खलनायक पडला की शामियाना टाळ्यांनी दणाणतो. मीही त्या टाळ्या वाजवल्या आहेत. पण नाटकात त्याची सगळी पापं आपण समोर बसून पाहिलेली असतात. गावात आपण पाहिलेलं काहीच नसतं, फक्त ऐकलेलं असतं.

लाखनी तालुक्यातलं मुरमाडी आठवा. फेब्रुवारी 2013 मध्ये तीन सख्ख्या लहानग्या बहिणी बेपत्ता झाल्या आणि त्यांची प्रेतं विहिरीत सापडली. पोलिसांनी आधी प्रकरण हलक्यात घेतलं. लोक खवळले, महामार्ग अडवला, आणि तो संताप रास्त होता. त्या आठवड्यात कोणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं असतं, तर त्याचं काय झालं असतं हे या सभागृहात बसलेल्या कोणालाही सांगायला नको. इतका तपास झाला, पण त्या मुलींच्या मृत्यूबद्दल कोणावरही गुन्हा शाबीत झालेला नाही. तपास तोकडा पडला ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण त्या आठवड्यात एखादा भलताच माणूस मारला गेला असता, तर आपण आजही समजत असतो की मुरमाडीला न्याय मिळाला.

खाकी वर्दीतल्या माणसाने केलेला असा न्याय तरी वेगळा असतो का? हैदराबादला 2019 च्या डिसेंबरमध्ये एका पशुवैद्यक तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांनी पहाटे गोळ्या घालून मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. याच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या नागपूर खंडपीठावर काम केलेले. चकमकीची कहाणी रचलेली होती, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. मारलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्याला आढळलं. खटलाच चालला नाही, त्यामुळे त्या मुलीचे खरे मारेकरी हेच होते का, हे कोणतंही न्यायालय आता सांगू शकत नाही.

‘मग कोर्टावर विश्वास ठेवून बसायचं का?’ असा प्रश्न येणार, आणि तो आलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढले आणि आपण त्यांना हरवलं. त्याआधी, 25 नोव्हेंबर 1949 ला, त्यांनी घटना समितीत सांगितलं होतं की घटनात्मक मार्ग मोकळे असताना घटनाबाह्य मार्ग धरायला कोणतंही समर्थन उरत नाही. त्यातली अट विसरू नका : मार्ग मोकळे असताना. कस्तुरबानगरला तो मार्ग ठाण्याच्या दारातच अडवला गेला होता. खैरलांजीच्या प्रकरणातही पोलिसांनी वेळेवर हालचाल केली असती, तर चार जीव वाचले असते. तेव्हा जमावाने केलेल्या प्रत्येक खुनाची जबाबदारी पोलीस डायरीत तक्रार न लिहिणाऱ्याच्याही अंगावर आहे, असं मी मानतो.

आणि खैरलांजीच्या खटल्याने पुरता न्याय दिला, असंही मी म्हणणार नाही. सीबीआयने तपास केला. 2008 च्या सप्टेंबरमध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. 14 जुलै 2010 ला नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. दोन्ही न्यायालयांनी याला सुडाचा गुन्हा मानलं, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. हे मला पटत नाही. मान वर करून जगणाऱ्या बौद्ध कुटुंबाचा सूड असा घेतला गेला, तो जातीवाचून घेतला गेला असता का, याचं उत्तर त्या निकालांत मला सापडत नाही. पण मला पटत नाही हे मी आज इथे उभं राहून म्हणू शकतो, कारण निकाल लिहिलेला आहे, कारणं लिहिलेली आहेत, त्याविरुद्ध अपील करता येतं. जमावाच्या निकालाविरुद्ध अपील कुठे करायचं?

‘तुमच्या घरचं माणूस असतं तर?’ असं मला हमखास विचारतात. मी काय केलं असतं याला काही किंमत नाही. ज्याचं सगळं घरच गेलं, त्याने काय केलं ते पाहा. भैयालालांनी विळा उचलला नाही. त्यांनी मारेकऱ्यांसाठी फाशी मागितली, जाहीरपणे मागितली, आणि ती कोर्टाकडे मागितली. भंडाऱ्यात सरकारी वसतिगृहात नोकरी करत ते वर्षानुवर्षं खटल्यासाठी हेलपाटे घालत राहिले. सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण निकाली निघण्याआधीच, 20 जानेवारी 2017 ला ते वारले. सूड घ्यायचा कोणाला हक्क असेलच तर तो त्यांना होता, आणि त्यांनी तो वापरला नाही. न्याय आपल्याच हाताने केला म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांनी भैयालालांचं नाव घ्यावं आणि मग बोलावं.

तेव्हा माझं उत्तर स्वच्छ आहे. जमावाने केलेली हत्या न्याय ठरत नाही, मेलेला माणूस कितीही नीच असला तरी. पण एवढं सांगून घरी जाणं सोपं आहे, म्हणून एक मागणं करतो.

2006 मध्ये सुरेखा एकटी पडली. आज साक्षीदारासाठी निदान कागदावर काही आहे. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही. तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात कोणी अन्यायाची तक्रार घेऊन ठाण्यात निघालं, तर त्याला एकटं जाऊ देऊ नका. सोबत दोन माणसं जा. पंच म्हणून सही करायची वेळ आली तर मागे सरू नका. साक्षीचं समन्स आलं तर तारखेला हजर राहा, आणि जे पाहिलं तेच सांगा.