मारिया इसाबेल आणि आमचा ‘ळ’

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या ग्रंथालयात केलेले भाषण)



मंडळाच्या बालविभागाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आणि आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेतील स्पॅनिशभाषक घरांतल्या मुलांच्या पुस्तकांविषयी. हे विषयांतर वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

मागे आम्ही उभयता मुलीकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहिलो. दुपारी वेळ जाईना, म्हणून नातीचे बोट धरून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊ लागलो. बालविभागात काही पुस्तकांवर एक पदक छापलेले दिसे. ते पुरा बेल्प्रे या बाईंच्या नावाचे. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको अशा प्रदेशांत ज्यांचे मूळ, त्यांना तिकडे ‘लॅटिनो’ म्हणतात. त्यांचे जीवन रंगवणाऱ्या लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या बालकुमार पुस्तकांना हा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो.

बेल्प्रेबाई पोर्तो रिकोच्या. १९२१ साली त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील शाखेत नोकरीस लागल्या. ते बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आणि १९१७ पासून तिथली माणसे अमेरिकेची नागरिक. म्हणजे कायद्याने बाई परदेशी गेल्याच नव्हत्या. देश तोच, भाषा मात्र निराळी. आपल्याला हे समजावून सांगायला नको! फडताळावर देशोदेशींच्या लोककथा आहेत, आपल्या बेटाची नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. मग मार्टिना नावाच्या झुरळबाईची आणि पेरेझ उंदराची आजीकडून ऐकलेली गोष्ट त्या मुलांना सांगू लागल्या. स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीतही. १९३२ साली त्या गोष्टीचे पुस्तक झाले.

इथवर आपलेही काम झाले आहे. आजीच्या गोष्टी, शिवचरित्र, पंढरीची वारी, सारे आपल्या कपाटात आहे. परंतु त्या लोकांनी पुढचे पाऊल टाकले. मूळ गावाची गोष्ट सांगून ते थांबले नाहीत. मूल ज्या गल्लीत आज राहते, ती गल्ली त्यांनी पुस्तकात आणली. सांद्रा सिस्नेरोस यांचे ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ १९८४ साली आले. त्यातील एस्पेरान्झा शिकागोत राहते आणि तिला स्वतःचे नाव बदलून हवे असते. पॅट मोरा यांनी १९९७ साली तोमासची गोष्ट लिहिली. शेतमजुरीसाठी टेक्सासहून आयोवापर्यंत भटकणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. ग्रंथपाल बाई त्याला स्वतःच्या नावावर पुस्तके देतात आणि तो त्यांना स्पॅनिश शब्द शिकवतो. हा तोमास रिव्हेरा खराच होता. पुढे तो लेखक झाला, १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा कुलगुरू झाला. तिथल्या ग्रंथालयास आज त्याचेच नाव आहे.

या सर्वांत आमच्या मनात घर करून राहिली ती आल्मा फ्लोर आदा यांची मारिया इसाबेल. पुस्तक १९९३ चे, लहानसेच. पोर्तो रिकोच्या घरातली ही मुलगी नव्या शाळेत जाते. वर्गात आधीच दोन मारिया आहेत, म्हणून शिक्षिका हिला ‘मेरी’ करून टाकतात. दोन आज्यांची नावे, वडिलांचे आडनाव, आईचे आडनाव, असा जो गोतावळा त्या नावात आहे, तो एका फटक्यात गळतो. ‘मेरी लोपेझ’ अशी हाक आली, की ती आपल्याला आहे हे मुलीला कळतच नाही. बोलणी बसतात. नाटुकल्यातली भूमिकाही हातची जाते. शेवटी ‘माझी सर्वांत मोठी इच्छा’ या निबंधात ती आपले संपूर्ण नाव मागते.

नात वाचून दाखवत होती आणि आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. आमचे आडनाव काळे. चाळीस वर्षांपूर्वी येथील शाळेच्या पटावर ते ‘काले’ झाले. मुलगा रडत घरी आला, कारण हिंदीत त्याचा जो अर्थ होतो त्यावरून पोरे चिडवीत. आम्ही म्हणालो, “असू दे रे, नावात काय आहे?” आज चिरंजीव पुण्यात नोकरी करतात, सहीत अजून ‘ल’च आहे. त्या वेळी मारिया इसाबेल हाताशी असती, तर आम्ही शाळेत गेलो असतो की नाही, सांगवत नाही. निदान ते वाक्य तोंडून गेले नसते.

तिकडची सारीच पुस्तके सरस असतात असे नव्हे. काहींत टाको आणि पिन्याटा यांपलीकडे काही नसते. आपल्याकडच्या मोदक-फेट्याच्या पुस्तकांसारखीच ती. परंतु चांगल्यांना मान मिळतो. अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक २०१६ साली मॅट दे ला पेन्या यांना, २०१९ साली मेग मेदिना यांना आणि २०२२ साली डॉना बार्बा हिगुएरा यांना मिळाले.

परत आल्यावर आम्ही आपले कपाट पुन्हा चाळले. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणारे मूल त्यातल्या एकाही पुस्तकात सापडले नाही. तेव्हा सुवर्णमहोत्सवी निधीतून पुस्तके जरूर घ्यावीत, पण शंभर पानी कोऱ्या वह्याही घ्याव्यात आणि मुलांबरोबर आईबापांनाही द्याव्यात. ‘ळ’ची हकीकत आम्ही लिहून काढली आहे. आठ पाने झाली. एक प्रत ग्रंथपालांकडे दिली आहे, दुसरी पुण्यास धाडली आहे. तिकडून अद्याप उत्तर नाही.